मान, घसा व कान यांचा क्षयरोग : एक परिचय



संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या व देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने एखाद्या आजाराविषयी माहितीपर लेख देण्याची प्रथा आहे. आजवर हे लेख आपल्या डॉक्टर मंडळींनी लिहिले. यंदा हे काम माझ्याकडे सोपविण्यात आले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून त्याचे आयुष्य हिशेबाच्या वह्या, मागणीपत्रके व नोंदवह्या यांच्या सहवासात गेले आहे. त्यामुळे या लेखातील वैद्यकीय भाग आपल्या कान-नाक-घसा विभागातील डॉक्टरांकडून समजून घेऊन व त्यांना दाखवून मगच येथे दिला आहे. मात्र त्यात एक प्रसंग असा आहे की, तो सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची नसून माझी आहे. विषय निवडण्याचे कारणही तोच प्रसंग होय.

क्षयरोग फुप्फुसाबाहेरही होतो

क्षयरोग म्हटले की खोकला, बेडका व छातीचा एक्स-रे एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. क्षयाचे जंतू श्वासावाटे प्रथम फुप्फुसात शिरतात. तेथून रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे ते शरीरातील कोणत्याही अवयवापर्यंत पोहोचू शकतात. केस व नखे वगळता शरीराचा कोणताही भाग या रोगापासून मुक्त नाही, असे डॉक्टर म्हणतात. आपल्या देशात क्षयाच्या साधारण पाच रुग्णांपैकी एकाचा रोग फुप्फुसाबाहेरचा असतो. एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या रुग्णांत हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक असते. फुप्फुसाबाहेरील क्षयात लसिकाग्रंथींचा क्षय सर्वांत अधिक आढळतो, आणि त्यातही मानेच्या ग्रंथींचा क्रमांक पहिला लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला, आणि त्यांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण एकट्या भारतातील होते. या आकड्यांवरून, मानेला गाठ घेऊन आपल्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांना क्षयाचा विचार का करावा लागतो, हे ध्यानात यावे.

गंडमाळ : एक पुरातन व्याधी

मानेतील गाठींच्या क्षयाला आपल्याकडे पूर्वापार गंडमाळ म्हणतात. गळ्याभोवती एकापुढे एक अशा माळेसारख्या गाठी येतात म्हणून हे नाव पडले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची व गलगंड यांचे वर्णन एकाच अध्यायात आले आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या, काही फुटणाऱ्या, काही विरून पुन्हा नव्याने येणाऱ्या गाठींचे तेथील वर्णन आजच्या डॉक्टरांनाही ओळखीचे वाटते. गलगंड व गंडमाळ यांत मात्र घोटाळा होऊ नये. गलगंड ही गळ्याच्या पुढील बाजूस असलेल्या थायरॉइड ग्रंथीची सूज असून तिचा क्षयाशी सहसा संबंध नसतो.

युरोपात याच व्याधीला ‘राजाचा रोग’ म्हणत असत. कारण राजाच्या हस्तस्पर्शाने ती बरी होते अशी श्रद्धा होती. इंग्लंड व फ्रान्सचे राजे ठरावीक दिवशी रुग्णांच्या रांगेला स्पर्श करीत, आणि इंग्लंडमध्ये स्पर्शानंतर रुग्णाच्या गळ्यात सोन्याचे नाणे बांधले जाई. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांना लहानपणी, १७१२ साली, राणी ॲन यांच्याकडे याच कारणासाठी नेण्यात आले होते. नाणे त्यांनी जन्मभर जपले. गळ्यावरचे व्रणही जन्मभर राहिले. १७१४ साली राणी ॲन यांच्या निधनानंतर इंग्लंडमधील ही प्रथा बंद पडली.

रोगाचे खरे कारण त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी कळले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले; म्हणूनच २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. परंतु कारण कळणे व उपाय सापडणे यांत मोठे अंतर असते. अमेरिकेतून १८८६ साली वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, क्षयानेच गेल्या. तेव्हा जंतू ठाऊक होता, औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला आणि १९५२ साली आयसोनियाझिड वापरात आले. त्यानंतरच हा रोग खऱ्या अर्थाने साध्य झाला. आज औषध आहे व सरकारी कार्यक्रमात ते विनामूल्य मिळते. तरीही रुग्ण उशिरा येतात, हे आपले दुर्दैव होय.

गाठ कशी ओळखावी

मानेच्या एका बाजूस, जबड्याखाली किंवा हंसळीच्या वर एखादी गाठ हाताला लागते. ती आरंभी दुखत नाही. सर्दी-पडशाने किंवा किडलेल्या दातामुळे आलेली गाठ बहुधा दुखरी असते आणि दोनेक आठवड्यांत उतरते. ही मात्र उतरत नाही, हळूहळू वाढते. शेजारी दुसरी येते, तिसरी येते व त्या एकमेकींना चिकटतात. पुढे गाठ मऊ पडते व आत पू होतो. गंमत अशी की, हा पू साध्या गळवासारखा लाल, गरम वा ठणकणारा नसतो. म्हणून डॉक्टर त्याला थंड गळू म्हणतात. अखेर कातडी पातळ होऊन गाठ फुटते व वाहू लागते, आणि ते तोंड महिनोन्‌महिने भरून येत नाही.

संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, भूक मंदावणे व रात्री घाम येणे ही क्षयाची परिचित लक्षणे काही रुग्णांत आढळतात. पण गाठींच्या क्षयाचे अनेक रुग्ण एरवी अगदी ठणठणीत असतात. छातीचा एक्स-रेही पुष्कळदा स्वच्छ येतो. तरुण वयात, आणि त्यातही स्त्रियांत, हा आजार अधिक दिसतो. ‘मुलगी चांगली खाते-पिते, शाळेत जाते, तिला क्षय कसा असेल?’ हा नातेवाइकांचा प्रश्न म्हणूनच स्वाभाविक असला, तरी त्यावर विसंबून राहता येत नाही.

येथे दुसऱ्या बाजूचाही इशारा देणे अगत्याचे आहे. मानेतील प्रत्येक गाठ क्षयाची नसते. तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याचे व्यसन असलेल्या मध्यमवयीन माणसाच्या मानेत टणक गाठ आली, तर ती तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगाची पसरण असू शकते. अशा रुग्णाला तपासणी न करता ‘बघू या’ म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या, तर कर्करोगाला काही महिने आंदण मिळतात. गाठ पाहून नव्हे, तर तपासून औषध ठरते, हे सूत्र दोन्हीकडे लागू आहे.

स्वरयंत्र, कान, मणका व मेंदू

गाठींच्या खालोखाल या विभागात लक्षात ठेवावयाचा प्रकार म्हणजे स्वरयंत्राचा क्षय. आवाज घोगरा होतो, बसतो आणि गिळताना दुखते. औषधे नव्हती त्या काळी फुप्फुसाच्या बळावलेल्या क्षयात हा प्रकार वारंवार दिसे, व तो शेवटाची खूण मानला जाई. सुप्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांचे १९२४ साली व्हिएन्नाजवळच्या एका आरोग्यधामात स्वरयंत्राच्या क्षयानेच निधन झाले. आज तो औषधांनी बरा होतो, मात्र दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली अशी की, दुर्बिणीतून पाहता तो कर्करोगासारखाच दिसतो. तुकडा काढून तपासल्याविना निर्णय करता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हा प्रकार संसर्गजन्य आहे; खोकताना, बोलताना जंतू बाहेर पडतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल, तर मध-हळदीचे घरगुती उपाय थांबवून घसा तपासून घ्यावा.

कानाचा क्षय विरळा आहे. कान वाहतो पण दुखत नाही, नेहमीच्या थेंबांना दाद देत नाही, कानाच्या पडद्याला कधी एकाहून अधिक छिद्रे आढळतात आणि आजाराच्या मानाने बहिरेपण फार लवकर येते. काही रुग्णांत त्याच बाजूचा चेहरा वाकडा होतो. वर्षानुवर्षे कान वाहणे ही आपल्याकडे इतकी नेहमीची तक्रार आहे की, तीत लपलेला हा एखादा रुग्ण सहज निसटतो.

मानेच्या मणक्यांना क्षय झाल्यास मान आखडते व दुखते. घशाच्या मागील भिंतीत थंड गळू साचून गिळण्यास वा श्वास घेण्यास अडथळा होतो. मज्जारज्जूवर दाब आल्यास हातापायांतील शक्ती कमी होते. अशा रुग्णाची मान चोळून वा मोडून घेणे अत्यंत धोक्याचे असते. मेंदूच्या आवरणाचा क्षय, म्हणजे क्षयजन्य मेंदूज्वर, सर्वांत घातक असून तो विशेषतः लहान मुलांत आढळतो. जन्मतः टोचली जाणारी बीसीजी लस मुलांना मुख्यतः याच भयंकर प्रकारापासून संरक्षण देते. १९२१ साली प्रथम वापरलेली ही लस मोठेपणी होणारा फुप्फुसाचा क्षय खात्रीने टाळू शकत नाही. म्हणून ‘लस घेतली आहे, मग क्षय कसा?’ या प्रश्नाचे उत्तर ‘तरीही होऊ शकतो’ असेच आहे.

आणखी एक जुनी वाट दुधाची. गुरांना होणाऱ्या क्षयाचे जंतू निरशा दुधातून घशात उतरतात व मानेच्या गाठींना रोग जडतो. आपल्या घरांत दूध तापविण्याची रीत आहे, तिने ही वाट बऱ्याच अंशी बंद ठेवली आहे. ‘धारोष्ण दूध पौष्टिक’ या समजुतीपायी ती पुन्हा उघडू नये.

निदानाची वाट

मानेच्या गाठीत पातळ सुई घालून थोड्या पेशी काढल्या जातात. ही तपासणी बाह्यरुग्ण विभागातच होते. त्यासाठी सहसा भूल लागत नाही व टाकाही पडत नाही. काचपट्टीवर क्षयाची विशिष्ट खूण दिसते, आणि गाठीच्या मध्यभागी दह्याच्या चक्क्यासारखा मृत पदार्थ आढळतो. परंतु गाठींत जंतूंची संख्या फार थोडी असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष जंतू पुष्कळदा दिसत नाही. यासाठी जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासण्या उपयोगी पडतात. सीबीनॅट या तपासणीस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्यता दिली. तिच्याच धर्तीवर गोव्यातील कंपनीने तयार केलेल्या ट्रूनॅट या भारतीय यंत्राला २०२० साली तशी मान्यता मिळाली, ही आपल्या भागाला अभिमानाची गोष्ट आहे. या तपासण्या काही तासांत दोन प्रश्नांची उत्तरे देतात : जंतू क्षयाचा आहे काय, आणि तो रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद देईल काय? याखेरीज जंतू वाढवून पाहण्याची कल्चर ही तपासणी असून तिला सहा आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो.

पुष्कळ नातेवाईक ‘रक्त तपासून सांगा’ असा आग्रह धरतात. रक्तातील प्रतिद्रव्यांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या तपासण्या विश्वासार्ह नसल्याने भारत सरकारने २०१२ सालीच त्यांच्यावर बंदी घातली आहे. रोग गाठीत असेल तर उत्तरही गाठीतूनच मिळवावे लागते.

एका बरणीचा धडा

आता ज्या प्रसंगाचा आरंभी उल्लेख केला, तो सांगतो.

२०२२ साली नववीत शिकणारी एक मुलगी आपल्या रुग्णालयात आली. वडील शेतमजूर. मानेच्या डाव्या बाजूस गाठी होत्या, अन्यत्र सुईची तपासणी होऊन क्षयाच्या गोळ्या सुरू होत्या, आणि तिसरा महिना सरत आला तरी गाठी वाढतच होत्या. उपचार चालू असताना गाठी काही काळ वाढू शकतात, हे डॉक्टरांना ठाऊक असते. परंतु या मुलीच्या बाबतीत त्यांना औषधाला दाद न देणाऱ्या जंतूची शंका आली. त्यांनी भूल देऊन एक गाठ काढली. शस्त्रक्रियागृहात गाठ नेहमीच्या रीतीने फॉर्मलिनच्या बरणीत ठेवण्यात आली व प्रयोगशाळेत गेली. अहवाल आला : क्षय आहे. तो तर आधीपासूनच ठाऊक होता. कोणते औषध चालेल, हा डॉक्टरांचा प्रश्न होता, आणि प्रयोगशाळेने कळविले की, फॉर्मलिनमध्ये जंतू मरून जातात. या नमुन्यावर कल्चर होणे नाही व जनुकीय तपासणीसही तो योग्य नाही.

यात दोष कोणाचा, याचा शोध घेतला असता तो माझ्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला. डॉक्टरांनी नमुन्याचा अर्धा भाग साध्या सलाइनमध्ये पाठविण्याची सूचना कागदावर लिहिली होती. पण शस्त्रक्रियागृहात निर्जंतुक रिकामी बरणी नव्हती. भांडाराच्या मागणीपत्रकात फक्त फॉर्मलिन भरलेल्या बरण्या होत्या. काही महिन्यांपूर्वी खर्चकपातीसाठी मागणीपत्रके मी स्वतः तपासली होती व ‘वापर अत्यल्प’ या शेऱ्यासह निर्जंतुक बरण्यांची ओळ माझ्याच पेनाने खोडली होती. बरणीची किंमत काही रुपये. वर्षअखेरीस त्यातून झालेली बचत ताळेबंदात दिसावी एवढीही नव्हती.

मुलीच्या वडिलांना दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी सांगताना डॉक्टरांसमवेत मीही बसलो होतो. त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, पहिली गाठ काढली होती ना? मग ती कुठं गेली?”

मी त्यांना खरे ते सांगितले. चूक आमची आहे, दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे घेतले जाणार नाहीत, असेही सांगितले. ते काही बोलले नाहीत. मुलीची आई मात्र म्हणाली, “पैशाचं नाही हो साहेब. पोरीच्या मानेवर आता दोन खुणा राहणार.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसरा नमुना सलाइनमध्ये गेला व दुसऱ्याच दिवशी उत्तर आले : जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नाही. म्हणजे त्या मुलीने नियमाने घेतलेल्या गोळ्यांतील एक प्रमुख औषध कामच करीत नव्हते. पहिल्या शस्त्रक्रियेपासून हे उत्तर मिळेपर्यंत पाच आठवडे गेले होते. जिल्हा क्षयरोग केंद्रामार्फत तिचे नवे औषधोपचार विनामूल्य सुरू झाले. ते दीड वर्षाहून अधिक काळ चालले. मळमळ, अशक्तपणा व शाळा बुडणे हे सारे तिने सोसले आणि उपचार पूर्ण केले. ती आता बरी असून महाविद्यालयात शिकत आहे. हा मजकूर तिच्या पालकांच्या संमतीने, नाव-गाव न देता येथे छापला आहे.

तेव्हापासून आपल्या शस्त्रक्रियागृहात मानेची गाठ काढताना दोन बरण्या ठेवल्या जातात. फॉर्मलिनच्या बरणीवर लाल पट्टी व सलाइनच्या बरणीवर हिरवी पट्टी असते, आणि दोन्ही भरल्याची नोंद परिचारिका करते. वैद्यकीय साहित्याच्या मागणीपत्रकातील कोणतीही ओळ संबंधित विभागाच्या डॉक्टरांची स्वाक्षरी असल्याखेरीज खोडावयाची नाही, असा नियमही करण्यात आला आहे. अल्प वापराची वस्तू ही निरुपयोगी वस्तू नव्हे, हा धडा वाणिज्याच्या कोणत्याही पुस्तकात मला मिळाला नव्हता.

उपचार व त्यातील संयम

औषधाला दाद देणाऱ्या गाठींच्या क्षयावर सहा महिन्यांचा उपचार पुरेसा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे, व पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा क्रम आहे. पूर्वी सरकारी कार्यक्रमात औषधे दिवसाआड, आठवड्यातून तीनदा दिली जात. २०१७ पासून ती देशभर रोज व वजनाच्या प्रमाणात दिली जाऊ लागली. मेंदूचे आवरण व मणके यांच्या क्षयाला अधिक काळ, पुष्कळदा वर्षभर, उपचार लागतो.

नातेवाइकांनी तीन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. लघवीचा रंग नारिंगी होतो. तो औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. सतत उलट्या, डोळे पिवळे होणे किंवा दृष्टी अंधुक होणे, रंग ओळखण्यात चूक होणे असे काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. उपचार योग्य असूनही काही रुग्णांत गाठी मध्येच फुगतात, नव्या येतात किंवा फुटतात. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असू शकते. ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष स्वतःच काढून गोळ्या थांबविणे घातक आहे. आणि सारे ठीकच आहे असे मानून न दाखविणेही तितकेच घातक आहे. वरील मुलीची हकिकत दुसऱ्या धोक्याची साक्ष देते. कोणता प्रकार आहे, हे डॉक्टरांनीच तपासून ठरवावयाचे असते. उपचार संपल्यावरही एखादी बारीक, टणक गाठ हाताला लागत राहते. ती पुष्कळदा बऱ्या झालेल्या रोगाचा अवशेष असते.

थंड गळवाला बाहेरच्या बाहेर चीर देऊन घेऊ नये; ती जखम दीर्घकाळ वाहत राहण्याचा संभव असतो. पू काढणे आवश्यक असल्यास तो सहसा सुईने काढला जातो.

भीती व लपवाछपवी

केवळ मानेच्या गाठींचा क्षय असलेल्या माणसापासून इतरांना संसर्ग होत नाही. त्याचे ताट वेगळे करणे, अंथरूण वेगळे करणे, मुलांना जवळ येऊ न देणे यांपैकी कशाचीही गरज नाही. फुप्फुस किंवा स्वरयंत्रही बाधित असेल तरच संसर्गाचा प्रश्न येतो, म्हणून गाठीच्या प्रत्येक रुग्णाची छाती तपासली जाते. तेथेही प्रभावी औषध सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो. मद्रास येथे झालेल्या व १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, फुप्फुसाच्या क्षयाचे घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक प्रमाणात रोग होत नाही. त्या एका अभ्यासाने जगभरातील लाखो रुग्णांना आपल्या माणसांत राहून बरे होण्याचा मार्ग मोकळा केला.

तरीही विवाहयोग्य मुलीची गाठ ओढणीखाली झाकून ठेवली जाते. ‘लग्नानंतर बघू’ असे म्हटले जाते. अशा मुली पुढे फुटलेल्या गाठी घेऊन सासरहून येतात, तेव्हा सोबत कोणी नसते. सहा महिन्यांत व्रणाविना बरी होणारी व्याधी लपविल्याने आयुष्यभराची खूण ठेवून जाते. रुग्णाची माहिती आपल्याकडे गोपनीय ठेवली जाते. शासनाला रुग्णाची नोंद कळविणे २०१२ पासून प्रत्येक रुग्णालयास बंधनकारक आहे. परंतु ती नोंद उपचार व मदत यांसाठी असून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळविण्यासाठी नव्हे.

खर्चाची बाजू

क्षयाची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. उपचारकाळात पोषणासाठी २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली दरमहा ५०० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होऊ लागले व नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली. २०२२ साली सुरू झालेल्या निक्षय मित्र उपक्रमात कोणीही व्यक्ती वा संस्था रुग्णाच्या आहाराची जबाबदारी घेऊ शकते. मग धर्मादाय रुग्णालयाला देणगी कशासाठी लागते, असा प्रश्न कोणी विचारील. गावाहून येण्याचे एस.टी.चे भाडे, बुडालेली रोजंदारी, सोबत येणाऱ्या आईचे जेवण, खाते नसलेल्या रुग्णाचे बँकेचे काम, आणि तिसऱ्या महिन्यात न आलेल्या रुग्णाला फोन करणारा माणूस, हे खर्च कोणत्याही योजनेत पूर्णपणे बसत नाहीत. आपल्या देणग्यांतील ‘गरीब रुग्ण निधी’ प्रामुख्याने येथेच खर्च होतो. इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, दूरध्वनी करणाऱ्या कर्मचाऱ्यावर ते कोरता येत नाही. म्हणून हा निधी नेहमी तोकडा पडतो, हे नम्रपणे नमूद करतो.

लक्षात ठेवावे असे

१. दोन आठवड्यांत न उतरलेली मानेची गाठ डॉक्टरांना दाखवावी.
२. तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज व औषधाने न थांबणारा कान दुर्लक्षू नये.
३. तपासणीविना क्षयाची औषधे सुरू करू नयेत व सांगितल्याविना थांबवू नयेत.
४. गाठ काढावयाची असल्यास, ‘नमुना कल्चर व जनुकीय तपासणीसाठीही पाठविणार ना?’ असे नातेवाइकांनी अवश्य विचारावे. हा उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.
५. घरात कोणास फुप्फुसाचा क्षय असल्यास लहान मुलांसह सर्वांची तपासणी करून घ्यावी व डॉक्टर सुचवतील तर प्रतिबंधक औषध घ्यावे.

अहवालाच्या पुढील पृष्ठांवर वर्षाचा ताळेबंद दिला आहे. औषधे व शस्त्रक्रिया साहित्य या सदराखालील खर्च गतवर्षापेक्षा वाढलेला आढळेल. त्या वाढीत हिरव्या पट्टीच्या बरण्यांचाही अल्पसा वाटा आहे. लेखापरीक्षकांनी त्याविषयी विचारणा केली नाही. परंतु आपणा सर्वांस तो कळावा, असे वाटले म्हणून हा लेखनप्रपंच.



प्रशासकीय अधिकारी